आत्याच्या काचघराचा पाया

आत्याने सुतळीच्या टोकाला एक जुनं कुलूप बांधलं आणि ते भेगेत सोडलं.

मी तिच्या शेजारी उकिडवी बसले होते. घरामागची सगळी जमीन त्या उन्हाळ्यात फाटली होती. काही भेगा बोटभर रुंद होत्या, काहींत माझा हात कोपरापर्यंत सहज जाई. ही त्यांतली सगळ्यात मोठी. सुतळी आत्याच्या मुठीतून सरकत राहिली. आता थांबेल, आता थांबेल असं मला वाटत होतं, पण ती थांबेना. कुलूप तळाला आपटल्याचा आवाज येईल म्हणून मी श्वास धरून ठेवला होता. आवाज काही आला नाही. सुतळी नुसती सैल पडली.

आत्याने पकडीच्या जागी गाठ मारली, सुतळी वर ओढली, आणि मला उभं केलं. कुलूप माझ्या टाचेपाशी धरून तिने सुतळी ताणली. गाठ माझ्या खांद्याला लागली.

"एवढी खोल आहे," ती म्हणाली. "म्हणजे आपल्याला याच्याखाली जायला हवं."

मी त्या भेगेकडे पुन्हा पाहिलं. रोज धुणं वाळत घालायला मी तिच्यावरून उडी मारून जात होते. जवळजवळ माझ्या उंचीची एक पोकळी पायाखाली उघडी होती आणि मला पत्ता नव्हता. अंगावर काटा आला, पण भीतीने नव्हे. कुणीतरी फार मोठं, आपल्याला न सांगता, आपल्याच घरामागे झोपलेलं आहे असं काहीसं वाटलं. हे मी कुणाला बोलले नाही. तेव्हा मी फारसं काहीच कुणाला बोलत नसे.

लातूर जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते. कचेऱ्यांच्या पाट्या नव्या कोऱ्या आणि कचेऱ्या मात्र कुणाच्या तरी भाड्याच्या माडीवर किंवा धान्याच्या रिकाम्या गोदामात. पप्पांची बदली नांदेडहून अशाच एका कचेरीत झाली. सुरुवातीचे काही महिने ते आपलं टेबल आलं का, हे पाहायलाच कामावर जात होते. आम्ही गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत तयार घर घेतलं. काही वर्षांपूर्वी तिथे ज्वारी उभी असायची. घर आयतंच घेतल्यामुळे त्याचा पाया किती खोल आहे, हे पप्पांनाही माहीत नव्हतं आणि ते विचारायचं असतं हेही तेव्हा कुणाला सुचलं नाही. पाठोपाठ दुष्काळ आला. नळ होते, त्यांना पाणी नव्हतं. टँकर यायचा.

आत्या पप्पांची थोरली बहीण. चित्रकलेच्या बाई म्हणून तिने आधी धर्माबादला आणि मग नांदेडला मुलींच्या शाळेत नोकरी केली, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर आमच्याकडे आली. तिच्याबरोबर एक ट्रक आला. ट्रकमध्ये कपड्यांची एक पेटी, नेच्यांच्या, म्हणजे फर्नच्या, कुंड्या, आणि कडब्यात गुंडाळलेल्या शाळेच्या जुन्या खिडक्या होत्या. शाळेने लोखंडी खिडक्या बसवल्या तेव्हा सागवानी चौकटींच्या जुन्या खिडक्या तिने मागून घेतल्या होत्या. त्यांच्या काचा जाड, किंचित हिरवट, आणि मध्येच पाण्यासारख्या लहरी असलेल्या. तशा काचा आता कुठे मिळत नाहीत, असं ती उतरवणाऱ्यांना पुन्हा पुन्हा सांगत होती.

नेच्यांचं वेड तिला पहिल्यापासून होतं. मुलींना पानं काढायला शिकवण्यासाठी तिने ते जमवायला सुरुवात केली आणि मग ते वाढतच गेले. ती आयुष्यभर भाड्याच्या खोल्यांत राहिली. खोली सोडा असं सांगायला घरमालकाला मोठं कारण लागत नसे. आमचं आडनाव नीट कळलं की कारण मिळून जाई. "म्हणून तर मी सगळं कुंडीत लावते," ती एकदा म्हणाली होती. "उचललं की चाललं." हे ती हसत म्हणाली होती आणि मीही हसले होते, कारण मी तेव्हा लहान होते.

काचघराची कल्पना कदाचित माझ्याच पुस्तकातून आली असेल. नांदेडला मी सिस्टरांच्या इंग्रजी शाळेत होते. आमच्या वाचनाच्या पुस्तकात एक चित्र होतं: बाहेर बर्फ पडलेला, मध्ये काचेचं छोटं घर, आणि आत लाल टोमॅटो. आत्याने ते चित्र कितीतरी वेळ पाहिलं होतं. "हे काय गं?" तिने विचारलं. मी ऐटीत "ग्रीनहाऊस" म्हणाले. आमच्याकडे बर्फ नव्हता, ऊन होतं. पण लातूरच्या कोरड्या वाऱ्याने तिचे नेचे एकेक करून करपायला लागले तेव्हा तिने मला ते चित्र आठवतं का, असं विचारलं. काचेला चुना लावला तर ऊन अडेल आणि ओल आतच राहील, असा तिचा हिशेब होता. पप्पांनी मागची जागा तिला देऊन टाकली. "ही तुझी," म्हणाले. आत्याने मान हलवली आणि लगेच दुसरं काहीतरी बोलायला लागली.

तिने कधी तोंडाने म्हटलं नाही, पण आम्हा सगळ्यांना माहीत होतं. ही एवढी एकच वास्तू ती आयुष्यात बांधणार होती. जमीन जरा हलली असती तर चौकटी पिळल्या असत्या, त्या काचा तडकल्या असत्या, आणि पुन्हा उभारायला ना तशा काचा होत्या ना तिच्याकडे तेवढी वर्षं.

मिस्त्री चाकूरचे होते. नवा जिल्हा झाल्यावर बांधकामं निघाली म्हणून इकडे आलेले. त्यांचं तोंड हातापेक्षा जास्त चाले. आल्या आल्या त्यांनी पहार उचलून जमिनीवर मारली. पहार उसळून परत आली आणि ठणठणीत आवाज झाला.

"ऐकलं का बाई? घंटा वाजल्यावानी वाजलं. याच्यावर म्या दोन मजली ठोकून देतो. तुमचं तर काचंचं खोपटं हाय."

"आत्ता कडक आहे, मिस्त्री. पाणी लागल्यावर?"

"पाणी कुठाय बाई? वर बगा की जरा."

पप्पा खुर्ची टाकून बसले होते, ते मोठ्याने हसले. मिस्त्रींना चेव आला. "न्हाई, म्हंजे घर असतं तर म्या सोता तुम्हाला म्हणलो असतो, चला मुरमापातूर. काळ्या रानात घर बांधायचं तर मुरूम गाठाय लागतो, हे लहान लेकराला बी म्हाईत हाय. पण कुंड्या ठेवाय कोण एवढं खाली जातंय?"

"मी जाते," आत्या म्हणाली.

"ताई, तू काचघर बांधतेस का बारव?" पप्पा म्हणाले.

"बारवच समज. पाणी लागलं तर तुलाच प्यायला देईन."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी सुतळी हातात धरून उभी होते. "आन ह्या ताई काय बोलत न्हाईत का?"

"ती बघते," आत्या म्हणाली. "बघणारं माणूस लागतं कामावर."

त्या वाक्याने मला त्या उन्हाळ्यापुरतं काम मिळालं.

मिस्त्री आणि त्यांचे दोन गडी खोदायला लागले. पहिला हातभर थर फुटता फुटेना. माती विटांसारखी ढेकळाढेकळांनी निघत होती. त्याच्याखाली मात्र ती बदलली. मिस्त्रींनी मला हाक मारून एक ढेकूळ दाखवलं. त्याची एक बाजू चकाकत होती. गुळगुळीत, तिरकी, वर बारीक रेघा, जणू कुणी वर्षानुवर्षं तळहाताने घासून तिला झिलई दिली होती.

"हे कुणी केलं?" मी विचारलं. मिस्त्रींशी मी बोललेलं ते पहिलं वाक्य.

"आं, बोलतेत की ताई," मिस्त्री म्हणाले. "कुणी न्हाई. जमीन आतल्या आत आंग घासती. पाणी पिली की फुगती, वाळली की आखडती. एक ढेकूळ दुसऱ्यावर सरकतंय. लई जोर असतोय तिच्यात."

मी चरात उतरले आणि भिंतीला हात लावला. सगळीकडे ते चकाकते पापुद्रे होते, एकमेकांना टेकलेले. आम्ही ज्याला जमीन म्हणतो, जी हलत नाही म्हणूनच जिच्यावर आपण उभे राहतो, ती आत सतत हलत होती. आपण वर जेवत होतो, भांडत होतो, धुणं वाळत घालत होतो आणि ती आपल्या वेळाने कूस बदलत होती.

माझ्या कमरेइतकं खोल गेल्यावर एका गड्याला ज्वारीचं धसकट सापडलं. कापणीनंतर शेतात उरतं ते बोटभर बुडखं. ते इतक्या खाली कसं आलं, हे मला कळेना. मग भिंतीतली एक जुनी, बुजलेली भेग दिसली, जरा वेगळ्या रंगाची रेघ. कुठल्या तरी आधीच्या दुष्काळात ही जमीन अशीच फाटली असणार, वरचं धसकट आत पडलं असणार, आणि पाऊस आल्यावर तिने तोंड मिटून घेतलं असणार. त्याच रेघेत, आणखी खाली, मला हिरव्या काचेच्या बांगडीचा तुकडा मिळाला. खुरपणाऱ्या कुणाची तरी फुटलेली बांगडी. मी तो धुतलाही नाही. तसाच आत्याच्या तळहातावर ठेवला. तिने तो उन्हात धरला. इतकी वर्षं मातीत राहूनही त्यातून हिरवा उजेड तिच्या हातावर पडला.

मुरूम लागला तेव्हा मी वर होते, पण मला आवाजावरून कळलं. पहार घंटेसारखी वाजायची थांबली आणि जातं फिरावं तसा खरखरीत आवाज आला. खाली पाहिलं तर काळ्याच्या तळाशी पिवळसर तांबूस रंग उघडा पडला होता. दिवसभर काळं पाहून पाहून तो रंग डोळ्यांना सणासारखा वाटला. मी सुतळी सोडली. तळ गाठीच्याही खाली होता.

"रिकामा पाया भरत नसतेत," मिस्त्री म्हणाले. "काय तरी टाका बाई. पैसा टाका, सुपारी टाका."

 आमच्या घरात देव्हारा नव्हता. भिंतीवर दोन तसबिरी होत्या आणि सकाळी वंदना म्हटली जाई. सुपारी आमच्यात ठेवत नसत. तिने बांगडीचा तो तुकडा काढला आणि चराच्या कोपऱ्यात ठेवला. "ही आधीपासून इथलीच आहे," ती म्हणाली. मिस्त्रींनी थोडा विचार केला. "चालतंय," म्हणाले.

आता खरी अडचण होती. निघालेली काळी माती परत भरायची नव्हती, तिच्या जागी खाणीतला मुरूम भरायचा होता. तो थराथराने टाकायचा, प्रत्येक थर भिजवायचा आणि धुमसाने ठोकायचा. धुमस म्हणजे लांब दांड्याचं जड लोखंडी ठोकणं. कोरडा मुरूम कितीही ठोकला तरी बसत नाही. त्याला पाणी लागतं. आणि पाणी तर वसाहतीत हंड्यांनी वाटून घेतलं जात होतं.

"लोक टँकरमागे पळतायत आणि आपण मातीत पाणी ओतायचं?" आई म्हणाली. ती रागावली नव्हती, तिला लाज वाटत होती. "ताई, शेजारीपाजारी काय म्हणतील?"

"ताज्या पाण्याचा थेंब ओतणार नाही मी," आत्या म्हणाली. "वापरून झालेलं चालतं. मुरमाला काय कळतंय."

तेव्हापासून आमच्या घरातलं कुठलंच पाणी मोरीत गेलं नाही. तांदूळ धुतलेलं, डाळ धुतलेलं, भांडी विसळलेलं. अंघोळ परातीत बसून करायची आणि परात मागे न्यायची. ते सगळं मी वाहत होते. सकाळी चराला साबणाचा वास येई, दुपारी खरकट्याचा, संध्याकाळी हळदीचा. आत्या स्वतः तांब्याने शिंपडायची, एका जागी ओतू द्यायची नाही. मग मिस्त्री आणि गडी धुमस उचलायचे. तो आवाज जमिनीतून चालत यायचा. आत स्वयंपाकघरात उभं राहिलं तरी तळपायांना आधी कळायचा, कानांना नंतर.

शेजारी अक्का राहत. त्या मूळच्या उदगीरकडच्या, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म. त्यांच्या घरची डाळमिल होती. भिंतीवरून त्या सगळं पाहत. "काय बाई, तुमचं शोकेस कुठवर आलं?" असं रोज विचारत. मला म्हणत, "काय गं पोरी, बालदी घेऊन भुतावानी फिरतीस. वाचा बसली का तुझी?" मी हसून आत जाई. मला त्यांचा धाक वाटे. त्या आमच्याकडे येतील का, आल्या तर पाणी पितील का, याचा मी उगाच मनात अंदाज बांधून ठेवला होता. अशा गोष्टींचा अंदाज आधीच बांधून ठेवायची मला सवय होती.

एका सकाळी त्या पितळेची घागर कडेवर घेऊन आमच्या फाटकात उभ्या राहिल्या.

"बाई, हे महादेवावर घातलेलं पाणी हाय. रोज बेलाच्या बुडाला घालत होते. बेल वाळून गेला. आता मोरीत कसं सोडू? जीव होत न्हाई."

आत्या पुढे आली. "आमच्यात पूजा नसते, अक्का."

"पूजा नसंल. पाणी तर लागतंय का न्हाई?"

आत्या हसली आणि बाजूला झाली. अक्का चराच्या काठावर बसल्या, पदर खोचला आणि वाकून, कोपऱ्या-कोपऱ्यात, घागर तिरकी करत पाणी सोडलं. बेलाची दोन वाळकी पानं त्याबरोबर गेली. आमच्या भांड्यांच्या पाण्यावर त्यांच्या महादेवाचं पाणी पडलं आणि मुरमाने दोन्ही एकाच आवाजात पिऊन टाकलं. मी रिकामी बालदी हातात घेऊन पाहत राहिले. मनात बांधून ठेवलेल्या त्या अंदाजाचं काय करायचं, ते मला कळेना.

"चहा घेणार?" आईने दारातून विचारलं. 

"साखर कमी टाका," अक्का म्हणाल्या.

नंतर गल्लीतल्या आणखी दोन-तीन घरांतून पाणी यायला लागलं. कुणी पोराच्या हाती तांदळाचं पाणी पाठवी, कुणी स्वतः धुण्याचं पाणी आणून देई. कुणालाही काचघर म्हणजे काय ते नीट माहीत नव्हतं. पण पाणी फुकट जात नाही, याचंच त्यांना समाधान असावं.

मुरमावर काळ्या दगडाचं जोतं आलं. सिमेंटला मात्र चांगलं पाणी लागतं. ते आत्याने आपल्या वाट्याच्या प्यायच्या पाण्यातून काढलं आणि आईने ते न पाहिल्यासारखं केलं. जोतं ओलं राहावं म्हणून अक्कांनी डाळमिलमधला जुना बारदाना पाठवला. भिजवलेली पोती दगडांवर पांघरली की तुरीच्या डाळीचा वास सुटे.

पातळी धरायच्या दिवशी मिस्त्रींनी पाण्याने भरलेली एक लांब पारदर्शक नळी आणली. एक टोक त्यांनी जोत्याच्या एका कोपऱ्याला धरलं, दुसरं मला दिलं आणि समोरच्या कोपऱ्यात पाठवलं. "हलू नका ताई. पाणी थांबंस्तोवर श्वास बी हळू घ्या."

नळीतलं पाणी वर-खाली डुलत होतं. हळूहळू शांत झालं. माझ्या टोकाला ते ज्या उंचीवर थांबलं, तीच उंची त्यांच्या टोकाला होती. मध्ये नळी जमिनीवर कशीही वेडीवाकडी पडली होती, एके ठिकाणी ढेकळावर चढली होती, एके ठिकाणी खड्ड्यात उतरली होती. त्याचं पाण्याला काही नव्हतं. शाळेत मी याच्यावर इंग्रजीत उत्तर लिहिलं होतं आणि त्याला मार्कही मिळाले होते. पण ती नळी हातात धरून उभी असताना मला पहिल्यांदा दिसलं, की दुष्काळाने फाटलेल्या एवढ्या रानात, आपल्या दोघांच्या हातांमधून एक आडवी रेघ जाते आहे, आणि ती कुणी आखलेली नाही. मिस्त्रींनी माझ्या टोकापाशी येऊन पेन्सिलीने खूण केली तेव्हा मी नळी सोडायला तयार नव्हते.

त्याच सुमाराला पप्पांनी घराच्या मागच्या भिंतीलगतच्या भेगा बुजवायला घेतल्या. त्यांत साप-विंचू शिरतील, ही त्यांची भीती. सुट्टीच्या दिवशी त्यांनी विटांचे तुकडे, खडी, जे सापडेल ते भेगांत टाकलं आणि काठीने ठासून बसवलं. टापटीप हे त्यांचं व्यसन होतं.

"नको भरूस," आत्या म्हणाली. "फुगायला जागा लागेल तिला."

"कुणाला?"

"जमिनीला."

"ताई, तू तुझं शोकेस बघ," पप्पा म्हणाले. अक्कांचा तो शब्द एव्हाना घरात शिरला होता.

आत्याने आपल्या जोत्याभोवती वितभर रुंदीची पट्टी मोकळी ठेवून तिच्यात नुसती वाळू भरली. बाकी भेगा जशा होत्या तशा राहू दिल्या.

चौकटी उभ्या राहिल्या. एकही काच न फुटता सगळ्या बसल्या. शेवटी दार राहिलं, तेही खिडकीच्याच चौकटीतून बनवलेलं. आत्याने त्याला आतून कडी लावायला सांगितली.

"आतून?" मिस्त्री म्हणाले. "काचंच्या घराला आतून कडी कशाला की बाई? समदं तर दिसतंय."

"दिसू दे. माझं दार आहे. कडी लावा."

त्यांनी डोकं खाजवत कडी ठोकली.

काचांना चुन्याचा पातळ हात दिला, फक्त दाराची काच मोकळी ठेवली. उरलेले नेचे आत गेले. खाली विटांचा चुरा पसरून त्यावर अर्धा तांब्या पाणी शिंपडलं. दुसऱ्या दिवशी पहाटे आत्याने मला उठवून नेलं. दाराच्या काचेवर आतल्या बाजूने थेंब धरले होते, शेकडो, आणि त्यांतले काही घरंगळत खाली येत होते. बाहेर वारा भट्टीसारखा होता, गल्लीत टँकरसाठी हंडे रांगेत मांडलेले होते, आणि इथे कालचंच पाणी पुन्हा पडत होतं. मी काचेला बाहेरून बोट लावलं. थेंब आत होता. तरी मला बोट ओलं झाल्यासारखं वाटलं.

त्यानंतर वाट पाहणं उरलं. सगळी वसाहत पावसाची वाट पाहत होती. अक्कांच्या घरात अभिषेक चालला होता, पप्पा रोज रेडिओवर हवामान ऐकत होते. आत्याही आकाशाकडे बघायची, पण ढग आले की तिची नजर काचघराकडे जाई. तिलाही पाऊस हवा होता; त्याची भीतीही तिलाच वाटत होती. संध्याकाळी ती काचघराभोवती फेरी मारी आणि जोत्याच्या दगडावर हात ठेवून थोडा वेळ उभी राही, आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा. मी तिच्याबरोबर जाई. 

पाऊस फार उशिरा आला, पण आल्यावर चार-पाच दिवस थांबला नाही. पहिल्या दिवशी पाणी भेगांत पडून नाहीसं होत होतं, कितीही पडलं तरी साचेना. मग भेगांच्या कडा मऊ होऊन आत ढळल्या. भेगा बारीक झाल्या. मग नुसत्या रेघा उरल्या. मी खिडकीतून बघत होते. जिच्यात मी खांद्यापर्यंत मावले असते, ती भेग माझ्या डोळ्यांदेखत मिटत चालली होती. शेवटच्या रात्री घरात कुठेतरी कट्कन आवाज आला. आम्ही सगळे जागे झालो.

सकाळी स्वयंपाकघराचं मागचं दार उघडेना.

आईने ओढलं, मी ओढलं. मग पप्पा आले, एक पाय भिंतीला लावून ओढू लागले. दार चौकटीत रुतून बसलं होतं. दाराच्या वरच्या कोपऱ्यातून भिंतीवर एक तिरकी चीर गेली होती, रात्रीच्या आवाजाची. बाहेर, त्याच भिंतीलगत, पप्पांनी विटांनी ठासून भरलेली जमीन फुगून वर आली होती. तिला आत फुगायला जागाच नव्हती.

"आमचं बी दार बसलंय," भिंतीपलीकडून अक्कांचा आवाज आला. "म्या खिडकीतून दूध घेतलं. तुमच्याकडं काय हाय?"

"आमच्याकडंही तेच," पप्पा ओरडले. ते घामाघूम झाले होते.

आत्या तोपर्यंत पुढच्या दाराने बाहेर पडून घराला वळसा घालून मागे गेली होती. छत्री न घेता. मी तिच्यामागे धावले, पप्पाही आले. पावसात काचघर उभं होतं. वाळूची पट्टी एका बाजूने दाबली जाऊन अरुंद झाली होती. काळी जमीन जोत्यापर्यंत सरकत आली होती आणि तिथे थांबली होती. चुना धुपून काचा उघड्या पडल्या होत्या. मी एकेक काच बघत गेले. पप्पाही ओठांतल्या ओठांत मोजत होते. एकही तडकलेली नव्हती.

आत्याने काचांकडे पाहिलंच नाही. ती दारापाशी गेली आणि एका बोटाने दार ढकललं.

ते उघडलं. कुरकुर न करता, मिस्त्रींनी बसवलं त्या दिवशी उघडलं होतं तसं. तिने ते बंद केलं, पुन्हा एका बोटाने उघडलं. तिच्या बोटावरून पाणी निथळत होतं. पप्पांनी चष्मा काढून पुसला, परत घातला.

"ताई," ते म्हणाले.

"ओले उभे राहू नका," आत्या म्हणाली. मग ती आत गेली, दार लोटून घेतलं आणि कडी लावली. आम्हाला सगळं दिसत होतं. ती नेच्यांमधल्या स्टुलावर आमच्याकडे पाठ करून बसली आणि ओल्या पदराने तोंड पुसलं.